तू वर्गात जाऊन बसलीस तो दिवस

अव्वा, आपण दोघी हैदराबादचं विद्यापीठ बघायला गेलो होतो, त्या दिवसाबद्दल मला तुला एक गोष्ट विचारायची होती. तेव्हा वाटलं, विचारू की पुढं कधीतरी, आई कुठं जाते. नंतर तू राहिली नाहीस. मग अप्पांना विचारलं, दादाला विचारलं, तर प्रत्येकाकडं वेगळंच उत्तर. आता मी तुझ्या वयाच्या कितीतरी पुढं निघून आले आहे. लोक माझ्याकडं सल्ला विचारायला येतात आणि मी चष्मा काढून शांतपणे सांगते. पण ही एक साधी गोष्ट मला अजून कळलेली नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहून बघते आहे. लिहिताना कदाचित सापडेल, कदाचित नाही.

त्या वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या होत्या. लातूर जिल्हा झाला होता आणि पावसानं पाठ फिरवली होती. आपल्या भांड्यांच्या दुकानावरची पाटी रंगवायला माणूस आला. त्यानं ‘जि. उस्मानाबाद’ खरवडून काढलं, तिथं ‘जि. लातूर’ लिहिलं, आणि अप्पा रस्त्याच्या पलीकडं उभे राहून ते बघत होते. उदगीर तेच, बाजार तोच, पण अप्पांना वाटत होतं की आपण बसल्या जागी कुठंतरी पुढं सरकलो. ‘आता उस्मानाबादला खेटे न्हाईत,’ असं ते गिऱ्हाइकाला सांगायचे, मग त्यानं विचारलेलं असो वा नसो. दुकानात मात्र तांब्या-पितळेला कुणी हात लावत नव्हतं. लग्नं पुढं ढकललेली, लग्नाची भांडी कोण घेणार? खपायच्या त्या पत्र्याच्या घागरी आणि प्लास्टिकच्या बादल्या. गल्लीत टँकर आला की थोड्या वेळानं कुणीतरी पळत दुकानात यायचंच, कारण गर्दीत कुणाच्या तरी बादलीची कडी निघालेली असायची. अप्पांना जेवायला वाढताना तू म्हणायचीस, ‘आज टँकर आला व्हता न्हवं? मग विक्री झाली असंल.’ अप्पा खाली बघून भाकरी मोडायचे. तो टोमणा होता, की खरंच विचारत होतीस, की धंदा चालतोय याचं समाधान होतं, हे मला तेव्हाही कळत नव्हतं. तुझ्या आवाजात चढउतार कमीच. तू चुलीसमोर बसून जे बोलायचीस ते चुलीला बोलल्यासारखं वाटायचं.

माझा बी.एस्सी.चा निकाल लागला तो याच दिवसांत. रसायनशास्त्रात मी कॉलेजात पहिली आले आणि घरात अडचण सुरू झाली, कारण नापास झाले असते किंवा कशीबशी पास झाले असते तर ठरवायचं काही नव्हतंच. आता वाटा तीन झाल्या. एक लातूरची. नवीन जिल्हा म्हणजे नवीन कचेऱ्या, नवीन भरती, आणि अप्पांच्या ओळखीच्या एका आडत्यानं शब्द टाकायचं कबूल केलं होतं. त्याच आडत्याचा पुतण्या जिल्हा कचेरीत लागला होता आणि त्याचं लग्न व्हायचं होतं, त्यामुळं त्या एका वाटेत दोन वाटा होत्या. दुसरी नांदेडची. तिथं मामा होता, मामाकडं राहून एम.एस्सी. करायची, शनिवारी एस.टी.नं घरी यायचं. तिसरी वाट आमच्या कॉलेजातल्या सरांनी काढली. त्यांनी मला हैदराबादच्या विद्यापीठाचं माहितीपत्रक आणून दिलं आणि म्हणाले, ‘नांदेडला तुला चांगलं शिकवतील. तिथं गेलीस तर काय शिकायचं ते तुला विचारतील. बघ झेपतंय का.’ सरकारी विद्यापीठ, फी परवडण्यासारखी, शहराच्या मधोमध, आणि तिथले प्राध्यापक शिकवता शिकवता संशोधनही करतात, असं त्या माहितीपत्रकात लिहिलं होतं. झेपतंय का म्हणजे नेमकं काय झेपायचं, ते सरांनी सांगितलं नाही.

अप्पांनी ते माहितीपत्रक गल्ल्यावर बसून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. इंग्रजी त्यांना जेमतेम यायचं, तरी वाचलं. रात्री जेवताना म्हणाले, ‘हे लोक शिकवतेत का संशोधन करतेत? एक काय ते सांग.’

मी म्हटलं, ‘दोन्ही करतात, अप्पा.’

‘दोन्ही केल्यावर एकबी धड व्हईना.’

तू मला विचारलंस, ‘संशोधन म्हंजे काय गं? हरवलेलं हुडकायचं का?’

मी म्हटलं, ‘हरवलेलं नाही. अजून कुणाला माहीतच नाही, ते.’

‘मग कुणालाच म्हाईत न्हाई तर ते हाय म्हणून कशावरनं?’

खरं सांगायचं तर इतकी वर्षं प्रयोगशाळेत काढूनही मी याचं चांगलं उत्तर तयार केलेलं नाही. तेव्हा मी फक्त पाण्याचा तांब्या पुढं ओढला, आणि तू म्हणालीस, ‘अर्धाच घे.’

विद्यापीठाचं मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा माझ्यासोबत अप्पा जाणार होते. ऐनवेळी दुकानात बादल्यांचा माल यायचा ठरला, दादाला ताप भरला होता, आणि घरात असा सूर निघाला की राहू दे, नांदेडचं तर आहेच. मलाही त्या क्षणी थोडं हलकं वाटलं होतं. तेवढ्यात तू पदराला हात पुसत बाहेर आलीस आणि म्हणालीस, ‘म्या जाते हिच्यासंगं.’ अप्पा बघतच राहिले. तुझं माहेर बीदरकडचं. उदगीरहून तीच गाडी पुढं हैदराबादला जायची, पण तू आयुष्यभर बीदरलाच उतरलेली. शाळा चौथीपर्यंत, तीही कन्नड. देवनागरीची अक्षरं तू ओळखायचीस, पण वाक्य लागायचं नाही. अप्पा म्हणाले, ‘तिथं तुला काय कळणार हाय?’ तू म्हणालीस, ‘तुमाला तरी काय कळणार व्हतं?’ आणि आत जाऊन शेंगाच्या चटणीचा डबा भरायला लागलीस.

गाडीत तू बीदरपर्यंत खिडकीशी बसलीस. बीदर आलं तेव्हा सवयीनं उठलीस, पिशवी हातात घेतलीस, मग माझ्याकडं बघून परत बसलीस. त्यानंतर हैदराबाद येईपर्यंत तू खिडकीबाहेर बघितलं नाहीस. सगळा वेळ माझ्याकडं बघत होतीस, आणि मी झोपल्याचं सोंग घेतलं होतं, कारण मला मुलाखतीची उत्तरं मनात म्हणायची होती.

विद्यापीठाच्या फाटकातून आत गेलो तर दोन्ही बाजूंना हिरवळ आणि त्या हिरवळीवर एक माणूस नळीनं पाणी मारत होता. तू थांबलीस. मला वाटलं पाय दुखत असतील. तू त्या माणसाकडं नाही, पाण्याकडं बघत होतीस. ‘गवताला पाजून राहिला,’ एवढंच म्हणालीस. रागावली होतीस का? मला वाटलं, झालं, आता ही इथंच नको म्हणणार. पण तू पुढं चालायला लागलीस, माझ्या आधी.

सरांची एक ओळख होती. रसायनशास्त्रात संशोधन करणारी एक मुलगी मुलींच्या वसतिगृहात राहायची, तिच्याकडं आपल्याला हातपाय धुवायला जायचं होतं. तेलंगणातलीच कुठली तरी, उंच, केस आखूड कापलेले. तुझी पूजा झाल्याशिवाय तू पाण्याचा घोटही घेणार नव्हतीस, हे मी तिला कसंबसं सांगितलं. ती म्हणाली, ‘नहा लेव अम्मा, पानी भौत है इधर.’ तू न्हाणीघरात गेलीस आणि बराच वेळ बाहेर आली नाहीस. आतून पाणी पडल्याचा आवाज येत होता, थांबत होता, परत येत होता. घरी तू त्या वर्षी लिंगपूजेचं पाणीसुद्धा वाटीत मोजकं घ्यायचीस आणि नंतर ते तुळशीला घालायचीस. बाहेर आलीस तेव्हा ओले केस पाठीवर होते आणि डोळे लाल. त्या मुलीनं चटई टाकून दिली, तिच्या पुस्तकांच्या ढिगाशेजारी बसून तू विभूती लावलीस, गळ्यातलं लिंग काढून हातावर घेतलंस, आणि ती पोरगी दाराला पाठ लावून उभी राहिली, कुणी आत येऊ नये म्हणून. तसं करायला तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मग तुझे प्रश्न सुरू झाले. तुझी दखनी हिंदी तिच्यापेक्षा बरी होती.

‘शादी हुई क्या तेरी?’

‘नै अम्मा. काम खतम नै हुआ.’

‘कब होता?’

‘क्या मालूम. होता तो होता.’

‘कोई पूछता नै घर में?’

‘पूछते ना. रोज पूछते.’ ती हसली. ‘मैं भी अपने को रोज पूछती.’

तू माझ्याकडं वळून मराठीत म्हणालीस, ‘कधी सरतंय ते म्हाईत न्हाई आन रोज करून राहिलीय बघ ही.’ तुझ्या तोंडावर जे होतं ते कौतुक होतं की कीव, हे मी तेव्हापासून आजवर ताडून बघते आहे. तू तिच्या ताटलीत आपली चटणी वाढलीस, भरपूर. पण तू तर टँकरच्या ड्रायव्हरलाही चटणी द्यायचीस. त्यावरून काय ठरवायचं?

मुलाखत मोठ्या खोलीत होती. तुला मी बाहेरच्या बाकावर बसवलं आणि सांगितलं, ‘इथनं हलू नको.’ आत तीन प्राध्यापक होते. रसायनशास्त्राचं त्यांनी बरंच विचारलं, ते मला आलं. शेवटी त्यांतल्या वयस्कर बाईंनी विचारलं, ‘घराजवळ सोय असताना इथंच का यायचं आहे?’ मी पाठ केलेलं सांगितलं. ग्रंथालय मोठं आहे, उपकरणं आधुनिक आहेत, प्राध्यापक स्वतः संशोधन करतात. बाई म्हणाल्या, ‘हे आम्हीच छापलंय. तुझं सांग.’ माझं काय होतं? लातूरची नोकरी नको होती का मला? नको असं नव्हतं. नवीन टेबल, महिन्याचा पगार, अप्पांची ताठ मान, हे मला दिसत होतं आणि वाईट दिसत नव्हतं. नांदेड नको होतं का? मामाचं घर मला आवडायचं. त्या आडत्याच्या पुतण्याला मी लांबून एकदा पाहिलं होतं, तोही बरा होता. मी म्हटलं, ‘मला माहीत नाही.’ बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. बाहेर आले तर बाकावर तू नव्हतीस.

मी आधी वसतिगृहात पळत गेले. तिथं नाहीस. फाटकापर्यंत जाऊन आले. नळाजवळ बघितलं, झाडाखाली बघितलं, कँटीनमध्ये बघितलं. शिपायाला विचारलं तर तो तेलुगूत काहीतरी बोलला. परक्या शहरात मी तुला हरवलं, आता अप्पांना काय सांगू, एवढंच डोक्यात फिरत होतं. मुलाखतबिलाखत सगळं विसरून गेले. मग परत त्याच इमारतीत आले आणि एकेक दार बघत चालले. एका वर्गाचं मागचं दार उघडं होतं. आत तास चालू होता. पोरं-पोरी पुढं बसलेली, आणि शेवटच्या बाकावर, भिंतीला टेकून, पदर डोक्यावर घेऊन, पिशवी मांडीवर धरून तू बसली होतीस. तू फळ्याकडं बघत होतीस. देवळात कीर्तन ऐकताना बसायचीस तशी नाही. तिथं तुझे डोळे मिटायचे. इथं उघडे होते.

मी दारातून खुणा केल्या, तू बघितलं नाहीस. शिकवणाऱ्या प्राध्यापकांनीच मला बघितलं आणि हातानं ‘आत ये, नाहीतर दार लाव’ अशी खूण केली. मी शरमून बाहेरच उभी राहिले. तास संपल्यावर तू सगळ्यांच्या मागून सावकाश बाहेर आलीस. मी तुझा दंड धरून तुला बाजूला ओढलं. ‘अव्वा, तिथं कशाला जाऊन बसलीस? लोक काय म्हणतील?’

तू आपला दंड सोडवून घेतलास. ‘कुणी काय म्हटलं न्हाई,’ तू म्हणालीस. ‘तूच म्हणून राहिलीस.’

अव्वा, तू मला लहानपणी चिमटे काढलेस, एकदा उलथनं मारलंस, त्यातलं काही लागलं नाही असं हे लागलं. स्टेशनवर चहा घेताना तू आपणहून बोललीस. ‘त्यो मास्तर फळा भरून लिवला. मग थांबला. मग समदं पुसला आन हसला. चुकलं व्हतं त्याचं. पोरंबी हसली. एक पोरगी उठून त्याला सांगून राहिली, असं न्हाई, असं. आन त्यो ऐकून राहिला.’ चहाचा कप तू दोन्ही हातांत धरला होतास. ‘एवढा मोठा माणूस. समद्यासमोर चुकला. कुणी काय म्हटलं न्हाई त्याला.’

‘मग?’ मी विचारलं.

‘मग काय? काय की.’

काय की. तुझं नेहमीचं. आपल्याकडं सगळेच म्हणतात, पण तुझ्या काय-कीमध्ये मला काहीतरी झाकलेलं वाटायचं. नसेलही.

गाडीला वेळ होता. स्टेशनबाहेर एक माणूस छत्र्या विकत बसला होता. तू घासाघीस करून एक छत्री घेतलीस, काळी, लाकडी मुठीची. उदगीरला आभाळ महिनोन्महिने पांढरं पडलेलं, आणि आपण छत्री घेऊन गाडीत चढलो. समोरच्या बाकावरच्या बाईनं विचारलं, ‘पाऊस हाय का हो तिकडं?’ तू म्हणालीस, ‘इकडं पडत असंल.’ म्हणजे ती छत्री मी इथं राहायला येणार म्हणून घेतली होतीस, असं मी धरून चालले आणि माझा जीव जरा भांड्यात पडला. धीर करून मी विचारलं, ‘अव्वा, मग येऊ का मी इथं?’ त्याच वेळी ती समोरची बाई तुझ्यापुढं भाजलेल्या शेंगांचा कागद धरत होती. तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, ‘बेड.’

बेड म्हणजे नको. कन्नडातलं नको. त्या बाईला कन्नड येत होतं का, माहीत नाही. तिच्याशी तू मराठीतच बोलत होतीस. पण मनातलं काही तोंडातून निसटलं की ते तुझ्या माहेरच्या भाषेत निसटायचं, हेही मला माहीत होतं. बाईनं कागद मागं घेतला. मी डोळे मिटून घेतले. बीदर आलं, गेलं. या वेळी तू उठली नाहीस.

घरी आलो तर अप्पा ओट्यावर वाटच बघत होते. ‘कसं हाय?’ त्यांनी मला नाही, तुला विचारलं. मी चपला काढत तशीच उभी राहिले. तू डोक्यावरचा पदर सारखा केलास आणि म्हणालीस, ‘चांगलं हाय. जाऊ द्या पोरीला.’ अप्पा म्हणाले, ‘आन लातूर?’ तू म्हणालीस, ‘लातूर कुठं पळून चाललंय? आत्ता तर झालंय.’ आणि आत गेलीस. छत्री तू स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवलीस. काही दिवसांनी निवड झाल्याचं कळलं, मी सामान बांधलं, अप्पांनी दुकानातली सगळ्यांत चांगली बादली निवडून त्यावर माझं नाव घालून दिलं. छत्री खिळ्यालाच राहिली. मी निघताना ती तू काढून दिली नाहीस आणि मी मागितली नाही. स्टेशनवर तू ‘होगि बा’ म्हणालीस. जाऊन ये. त्यात जाही आहे आणि येही आहे.

वसतिगृहातून मी पत्रं लिहायचे. ती दादा मोठ्यानं वाचायचा, अप्पा ऐकायचे, तू चुलीपुढून ऐकायचीस. अशा पत्रात मी काय विचारणार होते? अव्वा, तू गाडीत नको कुणाला म्हणालीस, हे दादाच्या तोंडून तुला विचारायचं? म्हणून लिहायचे की जेवण बरं आहे, अभ्यास बरा आहे, पाणी भरपूर आहे. सुट्टीला आले की तू मला पुष्कळ खायला घालायचीस आणि विद्यापीठाचं काही विचारायची नाहीस. फक्त एकदा, पीठ मळताना, ‘त्यो चुकणारा मास्तर हाय का अजून?’ असं विचारलंस. मी म्हटलं, ‘आहे. मला तेच शिकवतात.’ तू मान हलवलीस. मी पुढचं बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात टँकरचा भोंगा वाजला आणि आपण दोघी घागरी घेऊन पळालो.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. त्याच पावसाळ्यात तुझा ताप उतरला नाही. तार मिळाली, मी पोचले तेव्हा अंगणात माणसं जमलेली होती आणि तुला आपल्या लिंगायतांच्या रीतीप्रमाणं शेवटचं बसवलं होतं, कपाळभर विभूती, जणू कुणाचं तरी बोलणं ऐकत बसली आहेस. मला एवढंच सुचलं की ही आता उठून काहीतरी म्हणेल आणि मला ते नीट ऐकू आलं पाहिजे.

बऱ्याच वर्षांनी अप्पा थकले तेव्हा मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, ‘तिचाच हट्ट. म्या तर न्हाईच म्हणत व्हतो. तिनं दोन रोज माझ्याशी बोलणं टाकलं व्हतं.’ मला भरून आलं. दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘हॅ, अप्पांना काय आठवतंय? तुझं पत्र वाचून झालं की अव्वा म्हणायची, कशाला पाठवली मी लेकराला. रडायची.’ आता यातलं खरं कुठलं? दोन्ही खरं असेल असं लोक म्हणतात, शहाणे लोक असंच म्हणतात. पण मला प्रयोगशाळेची सवय. एका नळीत दोन्ही कसं राहील, याचा मी विचार करत बसते आणि डोकं दुखायला लागतं.

शिक्षण संपल्यावर मी फिरून फिरून नांदेडलाच शिकवायला आले, हे तुला सांगायचंच राहिलं. मामाच्या घरापासून जवळच. म्हणजे जिथं शनिवारी एस.टी.नं घरी जाता आलं असतं तिथंच, फक्त घरी तू नसताना. मग मी लांब गेले होते ते कशासाठी? काही मिळालं, नाही असं नाही. मी वर्गात फळा पुसते आणि हसते, पोरं माझी चूक काढतात, मी ऐकते. पण ते मिळवायला तिकडंच जायला हवं होतं का, की हे इथंही जमलं असतं, ते तपासून बघायला दुसरं आयुष्य लागेल.

परवा उमरीकडची एक बाई लेकीला घेऊन माझ्याकडं आली. मुलीला इथंही प्रवेश मिळतो आहे आणि एका मोठ्या शहरातल्या सरकारी विद्यापीठातही. मुलगी सूचनाफलक बघायला गेली तशी बाई खुर्ची पुढं ओढून म्हणाली, ‘म्याडम, पाठवू का हो?’ मी माझं नेहमीचं सुरू केलं. मार्गदर्शक कोण आहे ते बघा, प्रयोगशाळा रात्री उघडी असते का विचारा, वसतिगृह आत आहे की बाहेर, संशोधन करणारी पोरं वेळेत पदवी घेऊन बाहेर पडतात की अडकून राहतात, हे तिथल्याच पोरांना विचारा, छापलेल्यावर जाऊ नका. बाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘ते समदं खरं. तुमच्या आईनं तुमाला कसं पाठवलं?’

मी पाण्याचा ग्लास उचलला, ठेवला. तिला काय सांगू? पाठवलं म्हणू, की पाठवलं नाही म्हणू? शेवटी माझ्या तोंडून आलं, ‘ती माझ्यासोबत आली होती. दिवसभर.’

‘मग म्याबी जाऊन बघते,’ बाई म्हणाली, आणि जणू सगळं ठरल्यासारखी उठून लेकीला हाक मारत गेली. तिला तिचं उत्तर मिळालं. मी दार बंद करून बसले आणि तेव्हापासून तुझ्याशी बोलते आहे.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही. तू असतीस तरी ते दादालाच वाचून दाखवावं लागलं असतं, कारण मला अजून कन्नड अक्षरं येत नाहीत. पण दादाच्या तोंडून तुला ऐकवता येणार नाही असं एक आहे, ते लिहून थांबते. त्या गाडीत तू ‘बेड’ म्हणालीस, त्यानंतर घर येईपर्यंत खूप वेळ होता. समोरची बाई मधल्याच एका स्टेशनावर उतरून गेली. डब्यात आपण दोघीच जाग्या होतो, तू माझ्याकडंच बघत होतीस, हे मला मिटल्या डोळ्यांनीही कळत होतं. मी परत विचारलं असतं तर तू सरळ सांगितलं असतंस. मला सरळ ऐकायचं नव्हतं.